मावळ्याला कोणता रंग?

दसरा झाला की सोलापुरात कुंभार वेस, मधला मारुती या भागांत पणत्या, बोळकी आणि लक्ष्मीच्या मूर्तींच्या शेजारी मावळे मांडलेले दिसू लागतात. बहुतेक रंगवलेले असतात: भगवा फेटा, पांढरा अंगरखा, काळ्या मिशा आणि वरून वॉर्निशची चकाकी. विचारलं तर एखादा विक्रेता मागच्या टोपलीतून बिनरंगी मावळेही काढून देतो. आमच्या गल्लीतली मुलं दिवाळीच्या किल्ल्यासाठी तेच आणतात आणि रंगवायची बैठक आमच्या ओसरीवर बसते.

मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘काका, फेटा कुठल्या रंगाचा करायचा?’ माझ्या मते हा प्रश्न शेवटी यायला हवा. मावळा कशाचा बनलाय, तो कुणाच्या हातात जाणार आहे आणि किती लांबून दिसणार आहे, हे आधी ठरवावं. एवढं ठरलं की दुकानात जाण्याआधीच निम्मी निवड झालेली असते.

मावळा कशाचा आहे हे ओळखायला पाण्याचा एक थेंब पुरतो. तो पायाखालच्या बैठकीवर टाकायचा. भाजलेल्या मातीचा मावळा थेंब लगेच पिऊन टाकतो आणि मागे फक्त ओला डाग राहतो. प्लास्टरचाही तसाच पितो. शाडूच्या कच्च्या मावळ्यावर थेंब मुरतो आणि त्यावरून बोट फिरवलं तर माती बोटाला लागते. प्लास्टिकवर थेंब गोल होऊन तसाच बसून राहतो.

पाणी पिणारा मावळा रंगातलं पाणी पितो आणि त्यासोबत रंग धरून ठेवणारा डिंकही ओढून घेतो. वर नुसती भुकटी राहते, ती हाताला लागते आणि रंग फिका पडतो. अशा मावळ्याला आधी अस्तर हवं. एक भाग फेव्हिकॉल तीन भाग पाण्यात कालवून त्याचा पातळ हात दिला की पुरतो. शाडूला पाणी सोसत नाही. त्याला सुतारांकडचं पॉलिश, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख चांगली. प्लास्टिकच्या मावळ्यावर साच्यातला तेलकटपणा राहिलेला असतो. तो साबणाने धुऊन, वाळवून, मग प्रायमर मारावा लागतो. प्लास्टिक मऊ असेल तर ऑइल पेंटच्या वाटेला जाऊच नये, कारण त्यावर तो पूर्ण वाळत नाही, महिनोन्‌महिने चिकट राहतो.

आता रंगाची जात. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसलेलं मूल घरात असलं की पोस्टर कलरच्या बाटल्या असतातच. हा रंग झाकतो छान, वाळतो बिनचकाकीचा आणि त्यातल्या छटा एकमेकींत सहज मिसळतात. पण वाळल्यावरही तो पाण्यात पुन्हा सुटतो. दिवाळीच्या किल्ल्यावर आपण अळीव पेरतो, ते उगवावं म्हणून रोज पाणी शिंपडतो. दोन दिवसांत मावळ्यांच्या पायांचे रंग मातीत उतरतात. घामेजल्या बोटांनी मावळा उचलला तर अंगरख्यावर बोटांचे ठसे उमटतात. चादरींचं सूत रंगवणाऱ्या या गावाला कच्चा रंग आणि पक्का रंग यांतला फरक शिकवावा लागत नाही. मावळ्यालाही पक्काच रंग हवा.

म्हणून माझी पसंती ॲक्रिलिकला. त्यात रंगकणांसोबत प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की ते कण एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा बनतो आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. कपड्यांवर नक्षी रंगवायला मिळतात त्या छोट्या बाटल्याही याच जातीच्या, आणि त्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. त्या थोड्या दाट असतात, तेव्हा पाण्याने पातळ करून एकाऐवजी दोन हात द्यावेत. दाट रंगाने कोरीव बारकावे बुजतात. मिशा, पदराच्या चुण्या, ढालीवरचे खिळे सगळं सपाट होतं.

सोलापूरच्या कोरड्या ऑक्टोबरात ॲक्रिलिक ताटलीतच वाळून जातो. त्यावर सोपा उपाय आहे. डब्याच्या झाकणात ओलं फडकं पसरायचं, त्यावर बटर पेपर ठेवायचा आणि रंग त्या कागदावर काढायचा. खालची ओल कागदातून वर येत राहते आणि रंग तासन्‌तास ओला राहतो. लहान सैनिक रंगवणारे जगभरातले छांदिष्ट हेच करतात.

ऑइल पेंट टिकाऊ असतो, हे खरंच. दुकानांच्या पाट्या त्यानेच रंगवल्या जायच्या. पण त्याची चकाकी लहान मूर्तीला मारक ठरते. चकचकीत अंगावर दिव्यांचे ठिपके उमटतात आणि डोळ्याला चेहऱ्याऐवजी ते ठिपके दिसतात. दिवाळीत तर चहूकडे दिवेच असतात. वरून वॉर्निश द्यायचंच असेल तर मॅट द्यावं.

शिवाय अडगळीत पडलेला जुना डबा मुलांच्या हाती देऊच नये. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्ष भागांत 90 पेक्षा जास्त नसावं, हा नियम आपल्याकडे 2016 साली आला. त्याआधीच्या डब्यांचा भरवसा नाही, विशेषतः पिवळ्या आणि नारिंगी रंगांचा. कारखान्यांसाठीचे रंग तर या नियमात येतच नाहीत. देवघरातला शेंदूर भगव्यासाठी वापरायची कल्पना मुलांना सुचते. पण पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचाच ऑक्साइड. जुन्या चित्रकारांचे हिंगूळ आणि हरताळ हे झगझगीत रंगही अनुक्रमे पारा आणि आर्सेनिकचे. याउलट गेरू, काव, पिवळी माती हे लोहाचे रंग. ते निरुपद्रवी असतात, उन्हात उडत नाहीत आणि झाकतातही उत्तम. किल्ला मोडेपर्यंत मावळा मुलांच्या हातात असतो, लहान भावंडांच्या तोंडातही जातो. म्हणून रंग कशाचा बनलाय हे छटेच्या आधी पाहायचं.

अंतराचा हिशोब मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. इंग्लंडमधल्या ब्रिटन कंपनीने 1893 मध्ये पोकळ शिशाचे सैनिक काढले, त्यांची उंची साधारण 54 मिलिमीटर. पुढे तेच माप जगभर रूढ झालं. एच. जी. वेल्स यांनी 1913 मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिलं आणि अशा सैनिकांच्या लुटुपुटीच्या लढाईला नियम बांधून दिले. आपला दोन इंची मावळाही जवळपास याच मापाचा. 170 सेंटिमीटर उंचीच्या माणसाच्या तो सुमारे बत्तिसावा हिस्सा. त्याला पाच फुटांवरून पाहणं म्हणजे खऱ्या माणसाला 160 फुटांवरून पाहणं.

160 फुटांवरच्या माणसाचं काय दिसतं? बुबुळं दिसत नाहीत, ओठ दिसत नाहीत. फेट्याचा रंग, कमरेचा शेला, ढालीचा गोल आणि उभं राहण्याची ढब दिसते. याचा अर्थ फेटा, शेला आणि अंगरखा यांचे रंग एकमेकांपासून स्पष्ट वेगळे हवेत. सगळ्याच छटा मनातल्या छटेपेक्षा थोड्या उजळ घ्याव्यात, कारण एवढ्याशा आकृतीवर गडद रंग काळाच दिसतो. आणि एवढ्याशा चुण्यांत खऱ्या कापडासारखी सावली पडत नाही, ती रंगवावीच लागते.

शिवकाळातल्या पायदळाला आजच्या अर्थाने एकसारखा गणवेश नव्हता. कापड बिनरंगी, नाही तर नीळ, हळद, आल, मंजिष्ठा यांत रंगवलेलं. म्हणून मी मुलांना सांगतो, सगळ्यांना भगवे फेटे देऊ नका. कुणाला मळकट पांढरा, कुणाला विटकरी, कुणाला फिका निळा द्या. तळपता भगवा झेंड्यासाठी राखून ठेवा. मग किल्ल्याकडे पाहणाऱ्याची नजर आधी झेंड्यावर जाते, तिथून सैन्यावर उतरते. हे एकदा करून पाहिलं की मुलांना पटतं.

प्रत्यक्ष रंगवताना क्रम महत्त्वाचा. मावळा बाटलीच्या बुचावर डिंकाने चिकटवायचा, म्हणजे बोटं रंगाला लागत नाहीत. आधी कातडी, मग कपडे, शेवटी शस्त्रं, आतून बाहेर. कातडीसाठी बाटलीतला गुलाबट ‘स्किन कलर’ नको. बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि थोडा पांढरा यांतून उन्हात रापलेला चेहरा तयार होतो. पिवळा आणि भगवा पारदर्शक असतात, तपकिरी मातीवर थेट लावले तर मळतात. त्यांच्याखाली पांढऱ्याचा हात द्यायचा. मूळ रंग वाळले की चहाइतका पातळ तपकिरी रंग सगळ्या अंगावर सोडायचा. तो खळग्यांत उतरतो, चुण्यांच्या तळाशी थांबतो आणि सावली आपोआप तयार होते. मग जुन्या ब्रशवर उजळ रंग घेऊन तो कागदावर पुसून टाकायचा आणि जवळपास कोरडा ब्रश उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा. नाक, गालाची हाडं, फेट्याचे पीळ उठून येतात. डोळ्यांसाठी खोबणीत गडद रेघ पुरे.

सोनेरी पूड मात्र जपून वापरावी. ती बहुधा पितळेची असते, हवेने काळवंडते, आणि मावळ्याच्या अंगावर तेवढं सोनं शोभतही नाही. तलवारीला राखाडी आणि धारेवर पांढऱ्याची रेघ पुरते.

इतकं सगळं लक्षात घेतलं की खरेदी लहान होते. पांढरा, काळा, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, लाल, पिवळा, निळा अशा सात बाटल्या, शून्य आणि तीन नंबरचे दोन ब्रश. विटकरी, मळकट पांढरा, भगवा, करडा हे सगळं यांतून मिसळता येतं. 24 छटांचा संच घेतला तर मूल बाटलीतला रंग जसाच्या तसा लावतं. सात बाटल्या घेतल्या तर ते रंग तयार करायला शिकतं. मिश्रणाचं प्रमाण आम्ही एका वहीत लिहितो आणि शेजारी रंगाचा पट्टा ओढतो. कारण किल्ला दरवर्षी नवा असतो, सैन्य मात्र जुनंच वाढत जातं. पुढच्या दिवाळीत भरती होणारा मावळा जुन्यांच्या फळीत उभा केला, तर तो त्यांच्यातलाच दिसला पाहिजे.