उचल बापाची, राबणं घराचं

पहाटे 5. भात झोडून झालं की हरसूलच्या नाक्यावर पिकअप लागायला लागतात. दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत माणसं हवी असतात. वेठबिगारीविरुद्ध काम करणाऱ्या आमच्या गटातल्या आम्ही तिघी टपरीपाशी उभ्या. अडवत कुणाला नाही. काम तर हवंच आहे. वहीत लिहून घेतो: मालकाचं गाव, गाडीचा नंबर, रोज किती, उचल किती. मुकादम फणकारतो, "तुम्ही काय पोलीस का?" मागे गोधडीच्या गाठोड्यावर एक पोर बसलेली, असेल तेरा-चौदाची. उचल किती, विचारलं तर म्हणाली, "बापानं घेतली. मला काय ठाऊक?" तिला खाली उतरवण्यात पाऊण तास गेला. बापाला उशिरा पटलं, मुकादमाला अजून पटलेलं नाही.

सकाळी 8. नागलीची भाकर, खुरासणीची चटणी.

11 वाजता पाड्यावर बैठक. बाया पुढे बसतात, पुरुष मागे उभे. उचलीवर अंगठा एकाचा, राबतं मात्र अख्खं घर, म्हणून बायांशी बोलायचं. पूर्वी डहाणू-तलासरीकडे लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघं सावकाराकडे अडकत. लग्नगडी म्हणत त्यांना. 1945 मध्ये गोदावरी परुळेकर वारल्यांसोबत उभ्या राहिल्या त्या याच्याविरुद्ध. वेठबिगारी बंद करणारा कायदा आला 1976 मध्ये. त्यातली दोन कलमं मी पाठच करून घेते. सहावं: वेठबिगारीचं कर्ज फेडायची जबाबदारीच संपली. पंधरावं: कर्ज तसं नाही, हे सिद्ध करायचं धनकोनं.

"मंग आम्ही गप बसायचं?" एक आजी.

"गप नाही आजी, पुरावा त्यानं आणायचा."

2022 मध्ये इगतपुरीकडची कातकरी पोरं थोडे पैसे अन् एखाद्या मेंढरावर मेंढपाळांकडे दिलेली उघडकीला आली, तेव्हा हा कायदा 46 वर्षांचा होता.

दुपारी 3. कचेरी. मुक्तीच्या दाखल्यावर प्रांतांची सही लागते. दाखल्याशिवाय पुनर्वसनाचं काही हलत नाही. अर्जात नुसतं 'मजुरी थकली' लिहिलं की तो कामगार खात्याकडे ढकलला जातो. म्हणून पहिल्याच ओळीत उचल, तारीख, आणि 'सोडून जाऊ दिलं नाही'.

रात्री 8. वहीतल्या नंबरांवर फोन. एकीचा बंद, तिच्या जोडीदारणीचा लागला. खर्ची मिळालेली नाही, गावी जातो म्हटलं तर आधी उचल फेडा म्हणतात. मालकाचं गाव वहीत आहे. अर्ज आज रात्रीच लिहायला घेतला. मुकादमाला फोन करायचा नाही. कुणकुण लागली की तो माणसं दुसऱ्या बागेत हलवतो.