सिम्युलेशनमधली माणसं आणि आपले गैरसमज

संगणकात काल्पनिक माणसं सोडली, त्यांना अनुभवातून शिकू दिलं, की शेवटी सगळी एकाच सर्वोत्तम डावपेचावर येऊन थांबतात, असं अनेकांना वाटतं. ते खरं नाही.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या सांता फे शहरात ‘एल फॅरॉल’ नावाचा बार आहे. तिथे गुरुवारी रात्री आयरिश संगीत असे. त्यावरून अर्थतज्ज्ञ ब्रायन आर्थर यांनी 1994 मध्ये एक कोडं मांडलं. जाऊ इच्छिणारे 100 जण. 60 पेक्षा कमी आले तर मजा, जास्त आले तर नुसती दाटी. आपसात ठरवायचं नाही. हाताशी फक्त मागच्या आठवड्यांचे आकडे.

सिम्युलेशनमधल्या प्रत्येकाकडे मोजकेच ठोकताळे: ‘गेल्या आठवड्याइतकेच येतील’, ‘दोन आठवड्यांपूर्वीइतके येतील’, ‘गेल्या चार आठवड्यांची सरासरी धरा’. अलीकडे जो सर्वांत बरोबर निघाला, त्यावर जायचं की नाही हे ठरतं. असे खेळाडू अतिहुशार असावे लागतात हा समजही इथेच गळून पडतो.

आता समजा, ‘आज गर्दी नसेल’ असं सांगणारा ठोकताळा सगळ्यांनीच उचलला. सगळे निघतात, बार तुडुंब भरतो, अंदाज तोंडघशी पडतो. सर्वांना पटला म्हणूनच तो चुकला! मग इथे एकच सर्वोत्तम डाव टिकणार कसा? आर्थर यांच्या संगणकावर उपस्थितीची सरासरी लवकरच 60 वर आली, पण कोण कोणता ठोकताळा वापरतो हे बदलतच राहिलं. एकाचं शिकणं दुसऱ्याची परिस्थिती बदलतं, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारं प्रारूप मला दुसरं माहीत नाही.

दोघांनी पुन्हापुन्हा सहकार्य करायचं की दगा द्यायचा हे ठरवण्याच्या खेळात ‘जशास तसे’ (आधी सहकार्य, मग समोरच्याने मागच्या खेपेला केलं तेच) हा डाव अजिंक्य आहे, हेही असंच अर्धसत्य. राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड यांच्या दोन्ही संगणक-स्पर्धांत अनातोल रॅपोपोर्ट यांनी पाठवलेला हा डाव पहिला आला, हे खरं. पण एखाद्याच्या हातून चूक झाली, तर ‘जशास तसे’ खेळणारे दोघं बदल्याच्या फेऱ्यात अडकतात. 1993 मध्ये संशोधक मार्टिन नोवाक आणि कार्ल सिगमुंड यांनी चुकांना जागा दिली, तेव्हा ‘फायदा झाला तर तेच करा, नाहीतर चाल बदला’ हा डाव वरचढ ठरला.

म्हणून ‘सिम्युलेशनने सिद्ध केलं’ असं वाचलंत, की आधी विचारा: खेळाडूंना काय दिसत होतं, ते कशावरून शिकत होते आणि त्यांना चुकायची मुभा होती का?