मोटारीचा लहरी बिघाड व त्याचें निदान

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचे दारीं हल्लीं मोटार किंवा मालवाहू पिकअप उभी असते, व दूध, भाजीपाला, फळें वेळेवर बाजारपेठेस पोंचणें तिच्यावरच अवलंबून असतें. अशी गाडी साफ बंद पडली तर तिचें निदान फारसें अवघड नसतें. खरा त्रास होतो तो कधीं बिघडणाऱ्या व कधीं आपोआप सुधारणाऱ्या गाडीचा. भर उन्हांत चढावर इंजिन एकाएकीं बंद पडतें, अर्धा तास थांबल्यावर कांहींच न झाल्याप्रमाणें सुरू होतें, आणि मिस्त्रीकडे नेली म्हणजे गाडी सुतासारखी चालते. पाळीच्या तापाचा रोगी ताप उतरल्यावर वैद्याकडे जावा, तसाच हा प्रकार. मग अंदाजानें एकामागून एक भाग बदलले जातात. पैसा जातो व बिघाड मात्र जागच्या जागीं राहतो. कोड वाचण्याचें यंत्र, ज्यास गॅरेजांत स्कॅनर म्हणतात, त्याच्या साह्यानें या बिघाडाचा माग कसा काढावा हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

हल्लींच्या इंजिनांत इंधन किती व केव्हां सोडावयाचें हें एक लहानशी संगणकाची पेटी ठरविते. तीस ईसीएम म्हणतात. ही पेटी स्वतः कांहींच पाहूं शकत नाहीं. पाणी किती तापलें, हवा किती आंत आली, क्रँकशाफ्ट किती वेगानें फिरत आहे, हें तीस सेन्सर तारांवाटे कळवितात. एखाद्याचा निरोप मध्येंच तुटला किंवा अशक्य कोटींतील वाटला, कीं पेटी ठराविक अक्षर व अंकांत त्याची नोंद करते, आणि बहुतेक वेळां समोरच्या फळीवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागतो. अमेरिकेत १९९६ सालापासून सर्व नव्या मोटारींस या नोंदींची एकच पद्धत व १६ टोकांचें एकाच नमुन्याचें सॉकेट सक्तीचें झालें. आपल्याकडे ही पद्धत भारत स्टेज ४ च्या गाड्यांबरोबर टप्प्याटप्प्यानें आली, व १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मध्यें ती अधिक कडक झाली. हें सॉकेट बहुधा स्टीअरिंगच्या खालीं, गुडघ्याजवळ सांपडतें. त्यांत यंत्र लावून चावी फिरविली कीं नोंद वाचतां येते.

आतां मुख्य मुद्दा. यंत्रावर पी ०३३५ असा कोड आला, तर ‘क्रँकशाफ्ट सेन्सर गेला’ असें म्हणून नवा सेन्सर बसविण्याची सर्रास रीत पडली आहे. ती चुकीची आहे. कोडाचा अर्थ इतकाच कीं, त्या सेन्सरच्या मंडलांत दोष आढळला. मंडलांत सेन्सर आला, त्याच्या तारा आल्या, कपलर आला, आणि पेटीपर्यंतचा सारा रस्ता आला. आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें. सात-बाराच्या उताऱ्यावर एक नांव दिसलें म्हणून वाद मिटत नसतो, मागचा फेरफार काढून पहावा लागतो. कोडाचेंही तसेंच आहे. पी ०३३९ हा कोड तर स्पष्टच सांगतो कीं, त्याच मंडलाचा निरोप अधूनमधून तुटतो. असा कोड दिसला म्हणजे सेन्सरच्या आधीं तारांकडे पहावें.

कोड उमटला त्या क्षणीं इंजिनाचे फेरे किती होते, पाणी किती तापलेलें होतें, गाडीचा वेग व इंजिनावरील भार किती होता, याचीही नोंद पेटी ठेवते. इंग्रजींत तीस फ्रीझ फ्रेम म्हणतात; आम्ही तीस पंचनामा म्हणूं. लहरी बिघाडांत या पंचनाम्याइतकें मोलाचें दुसरें कांहीं नाहीं. म्हणून गाडी गॅरेजांत नेतांच ‘कोड उडवून टाका’ असें कोणी म्हणेल, तर त्यास थांबवावें. कोड पुसला कीं पंचनामाही पुसला जातो, व गाडीनें स्वतःच्या केलेल्या तपासण्यांचा निकालही शून्यावर येतो. आधीं सर्व आंकडे वहींत उतरून घ्यावे, मगच पुढील हालचाल करावी. दुसरें असें कीं, दिवा आपोआप विझला म्हणून बिघाड गेला असें समजूं नये. सामान्यतः लागोपाठ तीन फेऱ्या निर्दोष झाल्या कीं दिवा विझतो, पण कोड मात्र इंजिन सुमारें ४० वेळां तापून निवेपर्यंत पेटींत राहतो. कांहीं दोष पहिल्याच खेपेस दिवा लावीत नाहींत. ते ‘पेंडिंग’ या सदरांत असतात. तें सदर अवश्य उघडून पहावें.

क्रँकशाफ्ट सेन्सरचेंच उदाहरण थोडें खोलांत घेऊं, कारण चालतें इंजिन एकाएकीं बंद पाडणारा हा नेहमींचा आरोपी. क्रँकशाफ्टवर दातेरी चाक असतें. पुष्कळ इंजिनांत ६० दात्यांच्या जागीं ५८ दाते ठेवून दोन दात्यांची फट सोडलेली असते. तीवरून शाफ्ट कोणत्या स्थितींत आहे हें पेटीस कळतें. दाते समोरून गेले कीं सेन्सरांत विजेचे ठोके उठतात. आंतील बारीक तार कोठें तुटावयास आली असेल, तर इंजिन तापल्यावर ती विलग होते व निवल्यावर पुन्हां जुळते. म्हणूनच अर्धा तास थांबल्यावर गाडी सुरू होते. अशी गाडी बंद पडली त्याच वेळीं, ती निवण्यापूर्वीं, यंत्र लावून चालू आंकडे पहावे व स्टार्टर मारावा. स्टार्टर जोमानें फिरत असून फेरे शून्यच दिसले, तर निरोप पेटीपर्यंत येत नाहीं हें बहुतांशीं ठरलें. फेरे दिसत असतील, तर इंधनाकडे वळावें. मात्र स्वस्त यंत्रें आंकडे सावकाश दाखवितात. क्षणभराची तूट त्यांत निसटून जाते. तेव्हां चालत्या गाडींत समोरचा फेऱ्यांचा कांटा अचानक खालीं आपटतो काय, हेंही सोबत्यानें पहावें.

निरोप तुटतो हें कळल्यावर सेन्सर दोषी कीं तार, हा प्रश्न उरतो. आमच्या परिचयाच्या एका द्राक्षबागाईतदाराच्या पिकअपला एका गॅरेजांत दोन वेळां नवा सेन्सर बसला, तरी गाडी बंद पडणें थांबलें नाहीं. पंचनामा पाहतां बिघाड दर वेळीं खडबडीत रस्त्यावर, कमी वेगांत झालेला. पाण्याची उष्णता एकदां कमी, एकदां जास्त. उष्णतेचा दोष असता तर असें दिसतें ना. इंजिन चालू ठेवून तारांचा जुडगा वीत वीत हालवीत नेला, तेव्हां एका पत्र्याच्या कडेशीं इंजिन बंद पडलें. तेथें तारेचें वेष्टण घासून उघडें झालें होतें. जोड देऊन वेष्टण चढविलें, एवढ्यावर काम झालें.

तारा हालविण्याची ही परीक्षा करतांना पंखा व पट्टा यांपासून हात व सदऱ्याच्या बाह्या दूर ठेवाव्या. पंखा आपोआप सुरू होतो. डिझेल गाडीच्या इंधनाच्या नळ्या मुळींच सैल करूं नयेत, कारण आंत हजार बारहून अधिक दाब असूं शकतो. पाण्याच्या उष्णतेचा सेन्सर संशयित असेल, तर तार तुटतांच यंत्रावर उणे ४० अंश उमटतात. आपल्या मुलुखांत हा आंकडा खरा असणें शक्य नाहीं, म्हणून ओळखण्यास फार सोपा. सेन्सर दोन तारांचा, वेटोळ्याचा असेल, तर मल्टिमीटरनें त्याचा रोध थंडपणीं व तापल्यावर मोजून पुस्तकांतील आंकड्यांशीं ताडून पहावा. तीन तारांच्या सेन्सरास ही मोजणी लागूं नाहीं. तेथें पुरवठ्याची वीज व जमिनीची तार नीट आहे काय, हें पहावें. एकाच वेळीं तीनचार निरनिराळ्या सेन्सरांचे कोड आले तर सर्व एकदम बिघडले असें मानण्याऐवजीं त्यांचा सामाईक ५ व्होल्टचा पुरवठा, जमिनीची तार आणि बॅटरीचीं टोकें तपासावीं.

आपल्याकडे तारांचा मोठा शत्रु म्हणजे उंदीर. धान्याच्या कोठाराशेजारीं चार दिवस उभ्या राहिलेल्या गाडीचें झांकण उघडून कुरतडल्याच्या खुणा आधीं पहाव्या. त्याखालोखाल, जोराच्या फवाऱ्यानें इंजिन धुतल्यामुळें कपलरांत शिरलेलें पाणी.

हा बिघाड ‘पुढें पाहूं’ म्हणून टाकण्यासारखा नाहीं. चालतां इंजिन बंद झालें कीं स्टीअरिंग जड होतें, आणि दोनतीन वेळां ब्रेक दाबल्यावर त्याचें साह्यही संपतें. मालानें भरलेली गाडी घाटांत उतरत असतां याचा अर्थ काय, हें सांगावयास नको.

यंत्र विकत घेतांना तें केवळ कोड वाचतें, कीं पंचनामा, पेंडिंग कोड व चालू आंकडेही दाखवितें, हें विचारून घ्यावें. नुसत्या कोडाच्या यंत्राचा लहरी बिघाडांत फारसा उपयोग नाहीं. चारपांच जणांत मिळून एक घेतलें तरी भागतें. ट्रॅक्टरांपैकीं ५० अश्वशक्तीहून मोठ्यांस १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे नियम लागू झाल्यानें त्यांतही अशा पेट्या आल्या आहेत. परंतु त्यांचें सॉकेट पुष्कळदां निराळ्या नमुन्याचें असतें. मोटारीचें यंत्र तेथें बसेलच असें धरून चालूं नये.