फवारणाऱ्याच्या छातीवरची पट्टी
२०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके श्वासाचे स्नायू दुबळे करतात, म्हणून फवारणाऱ्याच्या श्वासावर नजर हवीच. लवचिक प्लास्टिकवर धातूचा किंवा कार्बनचा अतिपातळ थर दिलेली पट्टी छातीवर चिकटवली, की श्वासागणिक ती ताणली जाते. थराचा विद्युतरोध बदलतो आणि श्वास मोजता येतात. ताणाने तारेचा रोध बदलतो, हे लॉर्ड केल्विन यांनी १८५६मध्येच दाखवले होते. घामाने पट्टी सुटेल, पंप पाठीवर घेऊन चालताना आकडे बिघडतील, हे आक्षेप रास्तच. पण फवारणी थांबवून, सावलीत बसून मिनिटभर मोजले तरी धाप उतरते आहे की वाढते आहे, एवढे कळते. पट्टी विष मात्र अडवत नाही. मजुराला मास्क, हातमोजे आणि अंगभर कपडे आधी द्या.