दाताच्या मुळात ठेवलेले औषध

दाढ ठणकू लागली की आपल्याकडे कोणी लवंगेचे तेल सांगतो, कोणी मिश्री दाबायला लावतो. औषध जेवढे जहाल तेवढे चांगले, हा समज त्यामागे असतो. दंतवैद्यांचाही तो बराच काळ होता. रूट कॅनालमध्ये सडलेली नस काढल्यावर फॉर्मोक्रेसॉलचा बोळा आत ठेवीत. त्यात फॉर्मल्डिहाइड असते, प्रेत टिकवायला वापरतात तेच. जंतू मरतात, पण मुळाच्या टोकातून ते झिरपले तर तिथले जिवंत मांसही मरते. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरले. मोठ्या माणसांच्या रूट कॅनालमध्ये ते आता टाळतात.

'नस मारायचे औषध' म्हणून कोणी सोमलाची, म्हणजे आर्सेनिकची, पेस्ट भरत असेल तर सरळ नकार द्यावा. ती गळली तर हिरडी आणि जबड्याचे हाड कुजते. बधिर करण्याचे इंजेक्शन असताना तिची गरजच काय?

आता मुळे धुतात ती सोडियम हायपोक्लोराइटने. हे ब्लीचच. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या जखमा धुवायला डेकिन यांनी त्याचे अर्धा टक्क्याचे द्रावण वापरले. दातात अर्ध्यापासून सव्वापाच टक्क्यांपर्यंत वापरतात. सडलेली नस ते विरघळवते. मात्र जोराने दाबले जाऊन मुळापलीकडे गेले तर जबर कळ येते, गाल सुजून काळानिळा पडतो. म्हणून ते हळूहळू सोडतात आणि दाताभोवती रबराचा पडदा लावतात. पडदा नसेल तर विचारा, त्यात संकोच कसला? तोंडात ब्लीचची चव आली की लगेच हात वर करा.

दोन भेटींच्या मध्ये बहुधा कॅल्शियम हायड्रॉक्साइड ठेवतात. रसायन पाहिले तर हा आपला विरलेला चुनाच. तो पाण्यात फार थोडा विरघळतो. त्यामुळे स्पर्श होईल तेवढाच थर भाजतो, खोल जात नाही. जंतूंना मात्र तो खारेपणा सोसत नाही. म्हणून तंबाखूच्या डबीतला चुना कोणी दाढेत भरू नये! तो शुद्ध नसतो, आणि गाल-हिरडी भाजते.

ठणका थांबला की मजुरी बुडवून पुन्हा कोण जातो? पण वरचे सिमेंट कच्चे असते. काही आठवड्यांत ते झिजते, लाळ आत शिरते आणि जंतू परततात. खाजगी खर्च झेपत नसेल तर मुंबईत नायर किंवा सेंट जॉर्जच्या आवारातले, नागपुरात शासकीय दंत महाविद्यालय आहे. पहिल्या भेटीचा कागद आणि एक्स-रे सोबत न्या, म्हणजे आत कोणते औषध ठेवले आहे ते तिथल्या डॉक्टरांना कळेल.