परीक्षा कशी घेतात, ते आधी विचारा

सीए झाल्याशिवाय कुणालाही कंपनीच्या लेखापरीक्षण अहवालावर सही करता येत नाही. सनद नसेल तर वकील म्हणून कोर्टात उभं राहता येत नाही. सॉफ्टवेअर लिहायला मात्र कसलाही परवाना लागत नाही. या मोकळेपणामुळे संगणकशास्त्राची पदवी नसलेली असंख्य मुलं या क्षेत्रात आली आणि टिकली, ही मोठीच गोष्ट आहे. पण त्यातून एक अडचणही उभी राहिली. समोरच्या उमेदवाराला काम येतं की नाही, हे नोकरी देणाऱ्याने ओळखायचं कशावरून? ती जागा खासगी कंपन्यांच्या सर्टिफिकेशननी भरून काढली. अ‍ॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, गूगल, ओरॅकल, रेड हॅट या कंपन्या आपापल्या तंत्रज्ञानाच्या परीक्षा घेतात आणि उत्तीर्ण होणाऱ्याला प्रमाणपत्र देतात. त्यामुळे शेवटच्या वर्षाला असलेली मुलं आणि दोन-तीन वर्षं नोकरी केलेले डेव्हलपर एकच प्रश्न विचारत असतात: कुठलं सर्टिफिकेशन करू? उत्तरादाखल बहुतेक वेळा एखाद्या कंपनीचं नाव मिळतं. माझ्या मते नावाच्या आधी परीक्षेची पद्धत बघायला हवी. काम न येणाऱ्याला जी परीक्षा उत्तीर्ण होणं अवघड जातं, तिच्याच प्रमाणपत्राला पुढे किंमत राहते.

अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी 1973 साली नोकरीच्या बाजारातल्या अशा खुणांवर एक निबंध लिहिला. 2001 साली त्यांना जॉर्ज अ‍ॅकरलॉफ आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासोबत नोबेल मिळालं, त्यामागे हेच काम होतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, मालकाला उमेदवाराची कुवत थेट दिसत नाही, म्हणून तो पदवीसारखी एखादी खूण बघतो. पण ती खूण मिळवणं कुवत नसलेल्याला जास्त महाग पडत असेल, तरच तिचा उपयोग. सगळ्यांना ती सारख्याच कष्टात मिळू लागली, की तिच्यावरून काहीच कळत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एमसीएसई या प्रमाणपत्राच्या बाबतीत नव्वदच्या दशकात नेमकं हेच घडलं. आधी त्याला मोठा मान होता. मग परीक्षेतले प्रश्न जसेच्या तसे फिरू लागले, ते पाठ करून उत्तीर्ण होणारे वाढले आणि ‘कागदी एमसीएसई’ हा शब्द रूढ झाला. सर्व्हरला कधी हात न लावलेला, पण प्रमाणपत्र असलेला माणूस, असा त्याचा अर्थ. याची झळ प्रामाणिकपणे अभ्यास केलेल्यांनाही लागली, कारण दोघांच्या हातातला कागद सारखाच होता. पुढे मायक्रोसॉफ्टने आपली सगळी प्रमाणपत्रं नव्याने बांधली आणि जानेवारी 2021 मध्ये एमसीएसई बंद केलं. चोरून फिरणाऱ्या अशा प्रश्नसंचांना आज ‘डंप’ म्हणतात. ते वापरणं परीक्षेच्या नियमांविरुद्ध आहे, तरीही ते सर्रास मिळतात.

आजच्या दोन परीक्षा शेजारी ठेवून बघू. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडची, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या संगणकसेवेची, डेव्हलपरसाठी असलेली असोसिएट परीक्षा 130 मिनिटांची असते. तिच्यात 65 प्रश्न येतात, सगळे दिलेल्या पर्यायांतून निवडायचे, आणि उत्तीर्ण व्हायला 1000 पैकी 720 गुण लागतात. दुसरी परीक्षा सीकेएडी. शेकडो यंत्रांवर चालणारे प्रोग्राम सांभाळणाऱ्या कुबरनेटीस या प्रणालीवर ती घेतली जाते. तिच्यात पर्याय नसतातच. दोन तास समोर खरीखुरी चालू प्रणाली असते आणि कामं दिलेली असतात: अमुक प्रोग्राम चालवा, तमुक बिघाड दुरुस्त करा. अधिकृत माहितीची पानं उघडून बघायची मुभा असते, गुण मात्र काम झालं की नाही यावर मिळतात. उत्तीर्ण व्हायला 66 टक्के लागतात. पुस्तक उघडं ठेवूनही हाताला सवय नसेल तर दोन तास पुरत नाहीत. रेड हॅटच्या लिनक्स परीक्षा याच वळणाच्या आहेत. अशा परीक्षा घेणं घेणाऱ्यालाही सोपं नसतं. अ‍ॅमेझॉनने 2021 मध्ये सिस्टिम प्रशासकांच्या एका परीक्षेत प्रत्यक्ष कामाचा भाग घातला होता, पण 2023 मध्ये तो काढून घेतला. म्हणूनच हाताने काम करवून घेणाऱ्या परीक्षा मोजक्या आहेत, आणि माझ्या लेखी त्यांचं मोल जास्त आहे.

यावर नोकरी शोधणारा मुलगा म्हणेल, आणि त्याचं म्हणणं खोटं नाही, की एचआरवाले परीक्षेची पद्धत कुठे बघतात? ते रेझ्युमेवर नाव शोधतात. शिवाय पुण्या-मुंबईच्या सेवा कंपन्यांत मॅनेजर स्वतःच सर्टिफिकेशन करून घ्यायला सांगतो. त्यामागचं कारण समजून घेतलं पाहिजे. क्लाउड विकणाऱ्या कंपन्या आपल्या भागीदार कंपन्यांना दर्जे देतात, आणि वरचा दर्जा मिळवायला ठरावीक संख्येने प्रमाणित कर्मचारी दाखवावे लागतात. म्हणजे इथे प्रमाणपत्राची गरज मुळात कंपनीची असते. मग फीही कंपनीनेच द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. अ‍ॅमेझॉनच्या असोसिएट परीक्षेची फी 150 डॉलर आहे, म्हणजे बारा-तेरा हजार रुपये आणि वर कर. सेवा कंपनीत वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास पगारावर लागलेल्या मुलाच्या हातात महिन्याला जे पडतं, त्याचा हा जवळजवळ निम्मा भाग झाला. फी कंपनी भरत असेल तर परीक्षा जरूर द्यावी. पदरचे पैसे घालायचे असतील, तर ती रक्कम हाताला काही शिकवणाऱ्या परीक्षेवरच खर्च व्हावी. सीकेएडीची फी याहून बरीच जास्त आहे, पण तिच्यात एकदा नापास झाल्यावर पुन्हा बसण्याची संधी धरलेली असते.

दुसरा आक्षेप अनुभवी लोक घेतात: चांगला कोड लिहून दाखवा, प्रमाणपत्र हवंय कशाला? ज्यांच्यामागे पाच-सात वर्षांचं काम आहे, त्यांच्यापुरतं हे मला मान्य आहे. पण नांदेड किंवा चंद्रपूरच्या कॉलेजातून निघालेल्या मुलीचा कोड वाचायला कुणी बसण्याआधी तिचा रेझ्युमे चाळणीतून पार व्हावा लागतो, आणि त्या चाळणीत कॉलेजचं नाव आडवं येतं. सीडॅक या सरकारी संगणक संस्थेचा सहा महिन्यांचा पूर्णवेळ पदव्युत्तर डिप्लोमा महाराष्ट्रातल्या इतक्या मुलांना उपयोगी पडला, त्याचं कारणही हेच असावं. प्रवेशासाठी सी-कॅट ही परीक्षा आणि मग दिवसभर लॅब, हे कष्ट टाळून तो मिळत नाही. त्याची खूण अजून शाबूत आहे.

आणखी एक मुद्दा मुदतीचा. अ‍ॅमेझॉनची प्रमाणपत्रं तीन वर्षं चालतात. मायक्रोसॉफ्टची असोसिएट पातळीची एकच वर्ष, पण त्यांचं नूतनीकरण घरबसल्या आणि फुकट होतं. कुबरनेटीसच्या प्रमाणपत्रांची मुदत एप्रिल 2024 पासून तीनवरून दोन वर्षांवर आली. एवढ्या लवकर शिळं होणारं शिकायचंच कशाला, असा प्रश्न पडतो, आणि आता एआय कोड लिहू लागल्यापासून तो जास्तच पडतो. पण मुदत संपते ती कागदाची. नेटवर्क कसं चालतं, परवानग्या कशा द्यायच्या, बंद पडलेला प्रोग्राम कुठे अडलाय हे कसं शोधायचं, हे एकदा हाताखालून गेलं की आवृत्ती बदलल्याने वाया जात नाही. यंत्राने लिहून दिलेला कोड रात्री दोन वाजता बंद पडला, तर तो उभा करायला हेच लागतं. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी एकेक नवीन शिक्का गोळा करण्यापेक्षा, रोजच्या कामाला लागून असलेली एकच वाट धरणं मला शहाणपणाचं वाटतं. जावावर काम करणाऱ्याने आधी आपला प्रोग्राम ज्यावर चालतो ते लिनक्स आणि मग कुबरनेटीस शिकावं. पहिल्या दोन वर्षांत सुरक्षा, डेटा आणि प्रकल्प व्यवस्थापनाच्या मागे एकदम धावू नये. प्रत्येक परीक्षेचा अभ्यासक्रम आणि कुठल्या भागाला किती टक्के गुण, याचा तक्ता संकेतस्थळावर मोफत मिळतो. फी भरण्याआधी तो छापून घ्यावा आणि गेल्या सहा महिन्यांत ज्या ज्या कामाला हात लागलाय, त्यावर खूण करावी. निम्म्यावर खुणा झाल्या तर उरलेलं दोन-तीन महिन्यांत शिकता येतं. चार-दोनच झाल्या, तर ती परीक्षा तूर्त बाजूला ठेवावी.