घरच्या पडवीत शर्यतीची होडी

पळसाच्या पानांचा द्रोण ज्यांनी लावला आहे, त्यांना घरी होडी कशी बांधतात हे निम्मे सांगावेच लागत नाही. पान सपाट असते. कडा दुमडून एकमेकींवर आणल्या आणि काडी टोचली, की त्याच पानाला खोली येते आणि आमटी ओतली तरी ते आकार सोडत नाही. १९६३ साली इंग्लंडमध्ये याच युक्तीने बांधायची एक लहान शिडाची होडी लोकांसमोर आली. पानाऐवजी प्लायवूड, काडीऐवजी तांब्याची तार.

तिचे नाव ‘मिरर’. आराखडा जॅक होल्ट यांचा आणि बांधणीची रीत बॅरी बकनेल यांची. बकनेल हे टीव्हीवर घरदुरुस्तीचे धडे देणारे, घराघरांत ओळखीचे गृहस्थ. पाठबळ ‘डेली मिरर’ या वर्तमानपत्राचे, म्हणून होडीला त्याचे नाव आणि शिडे लाल. लांबी ३.३० मीटर, नुसत्या सांगाड्याचे वजन साडेपंचेचाळीस किलो. कापलेल्या फळ्यांसह सगळा संच ६३ पौंड ११ शिलिंगांना मिळे. तोपर्यंत नौकानयन हा पैसेवाल्यांचा खेळ होता. आता गिरणीत किंवा कचेरीत काम करणारा माणूस हिवाळ्यात गॅरेजमध्ये होडी जोडून उन्हाळ्यात मुलांसह पाण्यात उतरू लागला. डोलकाठी दोन तुकड्यांची, त्यामुळे ती होडीच्या आतच मावे आणि सगळे सामान गाडीच्या टपावर चढे. आजवर अशा ७० हजारांहून अधिक होड्या झाल्या. एका शिक्षकाने तर यातलीच एक होडी नद्या आणि कालव्यांमधून हाकत इंग्लंडपासून थेट काळ्या समुद्रापर्यंत नेली. अर्थात त्याचे अनुकरण करा, असे मी कोणाला सांगणार नाही.

घरी बांधलेली होडी शर्यतीत कशी चालते, हा प्रश्न साहजिक आहे. ती चालते, कारण अशा शर्यतींत सगळ्या होड्या एकाच मापाच्या असतात. लांबी-रुंदी, शिडाचा आकार आणि कमीत कमी वजन नियमाने ठरलेले असते. होडी जास्त हलकी भरली, तर शिशाचे तुकडे बसवून ते वजन भरून काढावे लागते. मग कारखान्यातली असो वा गॅरेजमधली, फरक पडतो तो सुकाणू धरणाऱ्या हाताचा. १९६२ मध्ये पीटर मिल्न यांनी आखलेली ‘फायरबॉल’ ही वेगवान होडीही घरी प्लायवूडमध्ये बांधता येईल अशीच होती. १९८२ च्या आशियाई खेळांत शिडाच्या होड्यांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या, तेव्हा याच फायरबॉल प्रकारात फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले.

हे सगळे आठवण्याचे कारण माझा एक मित्र. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्याने अलिबागजवळच्या घराच्या पडवीत मिररच्या धर्तीची होडी बांधायला घेतली. तक्ते आणले, आखणी केली, आणि रविवारी बघायला गेलो तर पडवीत होडी उभी! दोन दिवसांत. त्याच्यापेक्षा मीच जास्त चकित झालो.

सपाट तक्ता वाकतो कसा, यामागे भूमितीची एक अट आहे. कागदाची पुडी बांधता येते, पण त्याच कागदात नारळ गुंडाळायला गेलो की सुरकुत्या पडतात. सपाट पृष्ठ एका वेळी एकाच दिशेने वाकते. शंकू होतो, नळकांडे होते, गोल होत नाही. म्हणून अशा होडीचे सगळे अंग पुडीसारख्या वाकांनी जुळवलेले असते आणि तळ व बाजू जिथे मिळतात तिथे ठसठशीत कोन राहतो. कडेला छिद्रे पाडून तारेचे टाके घालायचे आणि पक्कडीने पीळ द्यायचा. टाके आवळत जातात तशी होडी आपोआप आकार घेते. साचा लागत नाही.

होडी शिवणे आपल्याला नवे नाही. अजिंठ्याच्या लेण्यात पाचव्या शतकातील जहाजाचे चित्र आहे. त्यावरून गोव्यात बांधलेले ‘कौंडिण्य’ हे जहाज मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झाले. केरळच्या बाबू शंकरन यांच्या कारागिरांनी त्याच्या फळ्या काथ्याच्या दोराने शिवल्या आहेत. मात्र एक फरक आहे. तिथे दोर कायमचा भार वाहतो. मिररमधली तार ही लग्नातल्या मध्यस्थासारखी, जमेपर्यंत कामाची. खरा भार पेलतो तो सांध्यावर बसवलेला काचतंतूंचा पट्टा आणि त्यात मुरलेले राळेसारखे रसायन. खिळा एका बिंदूवर ताण देतो आणि लाकूड तिथेच फाटते. पट्टा तोच ताण सबंध सांध्यावर पसरवतो.

मूळ संचात पॉलिएस्टर होते, आता बहुतेक जण इपॉक्सी वापरतात. आणि इथेच गोष्ट सुतारकामाची न राहता आरोग्याची होते.

इपॉक्सीचे दोन भाग असतात, राळ आणि तिला घट्ट करणारा हार्डनर. दोन्ही एकत्र आले की उष्णता बाहेर पडते आणि त्या उष्णतेने क्रिया आणखी वेगात होते. तापमान दहा अंशांनी वाढले की काम करायला मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो. मित्राने एप्रिलच्या दुपारी प्लास्टिकच्या डब्यात अर्धा लिटर मिश्रण एकदम कालवले. डब्याच्या पोटातली उष्णता बाहेर जाईना. काही मिनिटांत धूर निघाला, डबा वितळून बसला आणि फरशीवर जो डाग पडला तो अजून आहे. थोडेथोडे कालवायचे आणि लगेच पसरट ताटलीत ओतायचे, एवढाच उपाय होता. पावसाळ्यात वेगळा त्रास. हार्डनर हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून वर मेणासारखा चिकट थर धरतो. तो साध्या पाण्याने धुवायचा. तसाच घासला तर पुढचा थर सुटतो.

डबा वितळला ते कळले तरी. खरा धोका तीन आठवडे कळलाच नाही.

मित्र सुरुवातीला उघड्या हातांनी काम करत होता. हाताला काही होत नव्हते, म्हणून बेफिकीर. चिकट झालेले हात थिनरने पुसायचा. तिसऱ्या आठवड्यात मनगटाला खाज आली, मग एका सकाळी पापण्या सुजल्या. घरच्यांनी आदल्या दिवशीच्या कोलंबीवर ठपका ठेवला. दिशाभूल होते ती अशीच, कारण ही ॲलर्जी लगेच उठत नाही, स्पर्शानंतर एक-दोन दिवसांनी उठते. न जुळलेल्या राळेचे आणि हार्डनरचे रेणू लहान असतात. ते त्वचेत शिरून तिथल्या प्रथिनांना चिकटतात आणि शरीराच्या संरक्षक टी-पेशी त्यांची ओळख लक्षात ठेवतात. आधीचे दिवस ‘काही झाले नाही’ असे वाटते, तेव्हा आत ही ओळखच पक्की होत असते. थिनरने त्वचेवरचे तेल जाते, म्हणजे दार आणखी उघडे. त्वचारोगतज्ज्ञांनी पाठीवर पट्ट्या लावून चाचणी केली आणि निदान सांगितले: इपॉक्सी, आणि बहुधा जन्मभर. आता अर्धवट वाळलेल्या थराची घासताना उडणारी धूळही त्याला पुरते.

यातले बरेचसे टाळता आले असते. नायट्राइलचे हातमोजे, तेही सारखे बदलायचे. रबराचे साधे मोजे पुरत नाहीत. हाताला लागलेच तर साबण-पाणी. राळ आणि हार्डनरचे प्रमाण अंदाजाने नव्हे, काट्यावर मोजून, कारण चुकीच्या प्रमाणात काही रेणू मोकळेच राहतात. लाकूड घासताना एन-९५ मास्क हवाच. लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात आहे, ही गोष्ट आपल्याकडच्या कितीतरी सुतारांना कोणी सांगितलेलीच नसते. पण हा मास्क धूळ अडवतो, वाफ नाही. दोन डब्यांचा चकचकीत पॉलियुरेथेन रंग फवाऱ्याने मारण्याचा मोह तर घरी करूच नये. त्यातल्या आयसोसायनेटने दमा जडू शकतो. एका डब्यातला साधा रंग, ब्रशने आणि उघड्या हवेत, हेच बरे. शर्यत रंगाच्या चमकेवर जिंकली जात नाही.

होडी मात्र पुरी झाली. उरलेले सांधे मित्राच्या मुलीने मोजे, मास्क आणि लांब बाह्या घालून भरले. तो वाऱ्याच्या बाजूला, अंगणाच्या टोकाला खुर्ची टाकून तिथून सूचना करत होता. तिने त्यातल्या निम्म्याही ऐकल्या नसाव्यात.

जानेवारीत सांगाडा काट्यावर ठेवला. ६१ किलो! मिररपेक्षा साडेपंधरा किलो जास्त. दोष कारागिरीचा कमी, लाकडाचा जास्त. आपल्याकडचे चांगले मरिन प्लाय, म्हणजे आयएस ७१० चा शिक्का असलेले, ७२ तास उकळण्याच्या कसोटीला उतरते, पण बहुधा गर्जन लाकडाचे असल्याने जड असते. परदेशी बांधणारे हलके ओकुमे वापरतात. सहा मिलिमीटरच्या एका पूर्ण तक्त्यामागे साडेतीन किलोंचा तरी फरक पडतो. वरचे दोन-तीन किलो सढळ हाताने ओतलेल्या इपॉक्सीचे असावेत.

पहिल्या दिवशी वारा बेताचा होता. मुलगी आणि तिची मैत्रीण होडी घेऊन खाडीत गेल्या, मुद्दाम उलटवून पाहिली, हवाबंद कप्प्यांमुळे ती तरंगत राहिली आणि त्यांनी ती पुन्हा सरळ केली. मित्र काठावर उभा होता. परत येताना त्याने मला विचारले, की ओकुमे मुंबईत कुठे मिळेल.